पंख्यातल्या अक्षता

आमच्या घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली की ती वस्तू सोडून बाकी सगळं आधी घरात येतं. सल्ले येतात, शेजारी येतात, वाद येतात. आमचे हे, म्हणजे साईनाथ, मिक्सर घ्यायच्या आधी आटगाव स्टेशनबाहेर उभे राहून ओळखीच्या प्रत्येक माणसाला अडवायचे आणि तुमच्याकडे कुठला आहे ते विचारायचे. तो मिक्सर घरी येईपर्यंत मी पाट्यावरच वाटत होते. म्हणून ह्यांच्या भाचीने लग्नात मामाकडून काय हवं ते सांगितलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"मामा, कपाट नको, फ्रिज नको," रेश्मा बोलली. "मला कंप्युटर दे."

आता, आमच्याकडे मामाचा आहेर ही पाकिटात घालून द्यायची गोष्ट नाही. हळदीपासून लग्न लागेपर्यंत तो मांडवात मांडलेला असतो, माइकवरून पुकारला जातो, आणि जेवून आलेल्या बायका पदराला हात पुसत त्याला हात लावून बघतात. कपाट असलं तर दारं उघडतात, फ्रिज असला तर आत डोकं घालतात. मामाची पत काय ते त्या दिवशी ठरतं, आणि मग जन्मभर तेच लोकांच्या तोंडी राहतं. ह्यांनी आरशाचं मोठं कपाट शहापूरच्या बाजारात हेरून ठेवलं होतं. कंप्युटर ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न आला, "तो मांडवात दिसंल का गो?"

रेश्मा म्हणजे ह्यांच्या बहिणीची, काशीवन्संची एकुलती एक मुलगी. ठाण्याच्या एका कंपनीत कामाला होती. ती कंपनी गेम बनवते. मला आधी वाटलं, सोंगट्या-बिंगट्या बनवत असतील. मग तिनेच एकदा समोर बसवून समजावलं. गेममधली माणसं पळतात, लपतात, मारामाऱ्या करतात. पण पळणार कुठून आणि लपणार कशाच्या मागे? त्यांना रस्ता लागतो, झाडं लागतात, घरं लागतात. ती सगळी रेश्मा बनवायची. नुसतं चित्र नाही, चहूबाजूंनी फिरून बघता येईल असं घर, कौलांसकट.

लग्न ठरलं ते मुरबाड तालुक्यात, सरळगावच्याही पुढे. मुलगा स्वरूप, मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरीला, बोलायला अगदी काटकसरी. पण मुरबाडला रेल्वे नाही, आणि तिथून रोज ठाणं करायचं तर अर्धं आयुष्य एसटीत जाईल. कंपनीच्या साहेबांनी मोकळेपणाने सांगितलं: घरून काम कर, आमची हरकत नाही, पण कंप्युटर तुझा पाहिजे आणि आमचा गेम न अडखळता चालेल इतक्या ताकदीचा पाहिजे. लग्नानंतरच्या सोमवारपासून सुरू करायचं. नाही जमलं तर तिच्या जागी दुसरं माणूस. तिचा स्वतःचा पगार तर लग्नाच्याच खर्चात गेला होता. म्हणजे मामाने कंप्युटर दिला तर नोकरी, नाहीतर नाही, इतकं ते सरळ होतं.

हे मी ह्यांच्या गळी उतरवलं. मग हे सल्ले गोळा करायला निघाले. स्टेशनवरच्या मित्राने सांगितलं, ॲपलचा लॅपटॉप घ्या, दुसरं काही बघूच नका, मोठमोठे लोक तोच वापरतात. शाळेतले एक सर बोलले, पैसे कशाला घालवता, जुना कंप्युटर घ्या आणि त्यावर लिनक्स टाका, ते फुकट असतं. आणि स्वरूपचा धाकटा भाऊ रितेश, कॉलेजात जाणारा पण खरा मुक्काम मोबाइलवर, त्याने तर फोनच केला. "मामा, टीव्हीला लावायचा गेमचा डबा मिळतो. निम्म्या पैशात काम होईल." त्याचं काम होईल, हे मला लगेच कळलं.

ह्यांचं डोकं भणाणलं. रात्रंदिवस मॅक, विंडोज आणि लिनक्स. भाताला पाणी किती आहे ते बघायला बांधावर जायचे आणि तिथे उभे राहून कुणाला तरी फोनवर विचारायचे की रॅम म्हणजे काय. शेवटी मी चिडले. बोलले, "ज्या पोरीला वापरायचा हाय तिला घेऊन दुकानात चला. बैल घेताना तुमी गावाला विचारून घेता का जुंपून बघता?" हे त्यांना पटलं. बैलाचं काहीही त्यांना पटतं.

शहापूरच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर एक दुकान आहे. रेश्माने बरोबर पेनड्राइव्ह आणला होता. त्यात तिने बनवलेलं एक गाव होतं, कंपनीच्या गेममधलंच. "हेच सगळ्यांवर चालवून बघायचं," ती दुकानदाराला बोलली. तो बिचारा गिऱ्हाइकांना लग्नाचे व्हिडिओ दाखवून लॅपटॉप विकणारा. पण माणूस हौशी निघाला, त्याने खुर्च्या ओढल्या आणि आम्हाला चहा सांगितला.

आधी एक स्वस्तातला लॅपटॉप. गाव उघडलं खरं, पण आतला माणूस दोन पावलं टाकायचा आणि थबकायचा, पुन्हा दोन पावलं आणि पुन्हा थबकायचा. ह्यांनी लगेच मान हलवली, "हा चिखलात बसनार."

मग ॲपलचा. काय देखणा होता तो! हातात घेतला तर वजन नाही, पडद्यावरचे रंग डोळ्यांत भरणारे, चालू असूनही आवाज नाही. लाइट गेली तरी दिवसभर चालेल, दुकानदार बोलला. आमच्याकडची लाइट बघता हे मला फार आवडलं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण रेश्माचं गाव त्यावर उघडेना. "वस्तू एक नंबर आहे मामी," ती बोलली, "माझं घर बनवायचं सॉफ्टवेअर ह्याच्यावर मस्त चालतं, मैत्रिणीकडे बघितलंय मी. पण आमचा गेम लोक मोबाइलवर खेळले तरी तो बनवायचं काम विंडोजवरच चालतं. बनवलेलं घर गेममध्ये घालून बघता आलं नाही, तर मी काय काम करणार? आणि एवढे पैसे देऊनही गेमच्या बाबतीत हा त्याच किमतीच्या टॉवरच्या, म्हणजे त्या उभ्या खोक्यातल्या कंप्युटरच्या, मागेच राहणार."

लिनक्सचंही तसंच. सरांचं खोटं नव्हतं, ते फुकट असतं आणि जुन्या मशीनला नवी तरतरी देतं. पण कंपनीचा गेम त्यावर चालवायला आधी खटपट करावी लागते, आणि ठाण्याच्या साहेबांनी अशा खटपटीला साफ नाही सांगितलं होतं. गेमच्या डब्याविषयी मीच विचारलं, रितेशचा मान म्हणून. रेश्मा हसली. "त्याच्यावर गेम खेळता येतो मामी, बनवता येत नाही. वाढलेलं ताट मिळतं, चूल नाही मिळत."

राहिला टॉवर. काळा, जाडजूड, अंगणात ठेवला तर सावलीला कोंबड्या बसतील एवढा. दुकानदाराने त्यात कुठलं तरी मोठं कार्ड बसवलेलं होतं. पेनड्राइव्ह लावला, आणि रेश्माचा माणूस त्या गावातून असा सुटला, की मी खुर्चीत मागे सरले. झाडांची पानं हलत होती. कौलांवरून ऊन सरकत होतं. एकदाही अडखळला नाही. रेश्माने हात मांडीवर ठेवले आणि नुसती बघत राहिली. स्वतःचं काम असं सरळ चालताना तिने ऑफिसबाहेर पहिल्यांदाच बघितलं असेल.

त्याच्यातही खोट होतीच. लाइट गेली की हा गेला. त्यासाठी बॅटरीचा वेगळा ठोकळा घ्यावा लागणार होता. उचलून कुठे नेता येणार नव्हता. पण बिघडला तर उघडता येतो, एकेक भाग बदलता येतो, आणि लॅपटॉपच्या पैशात पडदा, कीबोर्ड, ठोकळा सगळं बसत होतं. आमचे हे मात्र तोंड पाडून बसले होते. "एवढा आहेर, आन दिसतो कसा? काळा खोका." तेवढ्यात दुकानदाराने एक बटन दाबलं आणि खोक्याच्या आतले पंखे उजळले. लाल, मग निळे, मग हिरवे, मग सगळेच एकदम. काचेतून सगळं दिसत होतं. ह्यांचा चेहरा पण त्याच क्रमाने उजळला. "हाच," ते बोलले. "मांडवात हाच शोभंल."

घरी आलेल्या पुठ्ठ्यावर हातभर अक्षरांत ‘गेमिंग’ लिहिलेलं होतं. तिथे माशी शिंकली.

रेश्माची होणारी सासू, गिरजा विहीणबाई, मानपानाचं बोलायला आल्या होत्या. रितेश बरोबर होता, त्याने तो पुठ्ठा आधी वाचला आणि मग मोठ्याने वाचला. विहीणबाई उंच, रुंद, आणि आवाज असा की शेताच्या ह्या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा माणूस वळून बघेल. पण त्या ओरडल्या नाहीत, उलट हळूच बोलल्या. "साईनाथभाऊ, रागावू नका. आमचा ह्यो पोरगा आधीच त्या खेळापायी वाया चाललाय. जेवायला हाका माराव्या लागतात. तुमी आनखी मोठा खेळ देताय?"

रेश्मा चहा घेऊन आली होती. ती सांगायला लागली, की हे तिच्या कामाचं आहे. विहीणबाईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली, पण डोळे पुठ्ठ्यावरच होते. खेळ आणि काम एका खोक्यात कसं राहील, हे त्यांना पटत नव्हतं, आणि त्यात त्यांची काही चूक होती असं मला वाटत नाही. रितेशच्या तोंडाला मात्र तेव्हाच पाणी सुटलं होतं.

मला धडकी भरली. का ते सांगते. माझ्या लग्नात माझ्या बापाने मला शिलाई मशीन दिली होती. ती सासरी ओटीवर ठेवली, सगळ्यांच्या हाताशी यावी म्हणून. आधी जावेने दोन पोलकी शिवली, मग शेजारणीने परकर, मग मशीन कुणाची हेच सगळे विसरले, आणि मला बसायला मिळायचं ते सगळ्यांची कामं आटोपल्यावर, डोळे मिटायच्या वेळेला. कुणी हिसकावून घेतली नाही हो. नुसती वाटली गेली. रेश्माचं तसं होऊ नये म्हणून मी पाठराखीण व्हायचं ठरवलं. नवरीबरोबर सासरी जाऊन, पाचपरतावणाला ती माहेरी येईपर्यंत तिच्या सोबत राहायचा मान खरं तर तिच्या चुलतबहिणीचा होता. तिला मी कॉलेजच्या परीक्षेची आठवण करून दिली आणि स्वतःची पिशवी भरली.

लग्नाच्या दिवशी ह्यांनी कमाल केली. टॉवर रुखवताच्या टेबलावर, नवरानवरीच्या अगदी शेजारी. उभा ठेवला तर काचेवर मांडवातले दिवे चमकतात आणि आतलं दिसत नाही, म्हणून ह्यांनी काच काढली. तरी लांबच्या लोकांना दिसेना, म्हणून खोका आडवा केला, उघडी बाजू वर. पेढ्यांचा डबा उघडून ठेवावा तसा. आत लाल-निळे पंखे फिरतायत आणि बायका वाकून वाकून बघतायत. कुणी हळदीकुंकू वाहिलं. ह्यांची छाती दोन वीत पुढे आली होती. मग मंगलाष्टकांच्या आधी बँडवाल्याला माइकची पिन लावायला जागा मिळेना, त्याने टॉवरची पिन उपटली. पंखे थांबले. मी हे बघितलं, पण त्या गडबडीत त्याचं काय.

आणि माइकवरून पुकारा झाला, "नवरीच्या मामांकडून नवरदेवाला गेमिंग कंप्युटर!" नवरदेवाला! रितेशच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. विहीणबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. मुंडावळ्यांतून रेश्माने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं उठून त्या माइकवाल्याचा कान धरावा. पण तेवढ्यात शुभमंगल झालं, सावधान झालं, आणि सगळ्या मांडवाने मुठी उघडल्या.

पाठवणीच्या वेळी आमचे हे रडत होते. रडत रडतच त्यांनी त्या टॉवरची काच लावली, स्क्रू पिळले आणि खोका टेम्पोत चढवला. आम्ही किन्हवली, सरळगाव करत सासरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर रितेशने टॉवर ओटीवर मांडला. ओटीवर! इंटरनेटची वायर लग्नाआधीच घरात आली होती. ती स्वरूपने रेश्मासाठी घेतली होती, पण बोलणार कोण? सगळे समजत होते ती रितेशच्या हट्टाने आली. त्याचे दोस्त जमले. विहीणबाई दारात उभ्या. रितेशने बटन दाबलं.

आतून जो आवाज आला तो पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. खडखड, कडकड, मग एक पंखा गपकन थांबला. पडदा जरा वेळ उजळला आणि सगळं एकदम विझलं. रितेशने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"जळला," त्याच्या दोस्ताने निकाल दिला.

"बरं झालं," विहीणबाई बोलल्या. "टाका माळ्यावर. घरातली कटकट गेली."

मी रेश्माकडे बघितलं. हातात हिरवा चुडा, कपाळावर अजून मळवट पुसट दिसतोय, आणि चेहरा पांढराफटक. सोमवार येऊन ठेपला होता. टॉवर शहापूरला न्यायचा तर दोन दिवस दुकान बंद. आणि एकदा माळ्यावर गेलेली वस्तू आपल्या घरांतून कधी खाली येते हे मला चांगलं ठाऊक आहे. मला ह्यांचा इतका राग आला, की ते समोर असते तर काही खरं नव्हतं. नव्या सुनेने पहिल्याच दिवशी तोंड उघडू नये असं मी तिला सांगून आणलं होतं. तिने ऐकलं नाही, देवाची कृपा.

"आई," ती सासूला बोलली, "मला एक स्क्रू ड्रायव्हर देता? टाकायचाच आहे तर आधी उघडून बघते."

स्वरूप उठला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. तिने वायरी काढल्या, खोका आडवा केला, स्क्रू सोडले, काच उचलली. आम्ही सगळे वाकलो.

आत तांदूळ होते. पिवळे, लाल, हळदीकुंकवाने माखलेले. पंख्यांच्या पात्यांत, तांब्याच्या नळ्यांमागे, कार्डाच्या फटीत, जिथे तिथे. आख्ख्या मांडवाने टाकलेल्या अक्षतांचा वाटा तिथे जमला होता.

"पंख्यात दाणा अडकला," रेश्माचा श्वास सुटला. "पंखा फिरला नाही की हे तापतं, आणि जळू नये म्हणून आपोआप बंद होतं. जळलं नाही. काही जळलं नाही!"

रितेशने खोका उचलून उलटा करायला हात घातला. "झटकून टाकू."

"हात लावू नको!" विहीणबाई अशा कडाडल्या, की तो दोन पावलं मागे गेला. "झटकतोस काय? त्या अक्षता हायत. सगळ्या गोताचा आशीर्वाद हाय तो. पायदळी घालतोस?"

झालं. अक्षता होत्या म्हणजे प्रश्न कंप्युटरचा राहिलाच नाही. तो बाईमाणसांचा झाला. विहीणबाईंनी ओटीवरची पोरं हाकलली. खोका माजघरात नेला, खाली स्वच्छ धडपा अंथरला, शेजारी सूप ठेवलं आणि मांडी घालून बसल्या. मी एका बाजूला, रेश्मा समोर. तांदूळ निवडायला आम्हाला कुणी शिकवायला नको. आम्ही भाताच्या मुलखातल्या बायका, दाण्यातला खडा डोळे मिटून काढू. इथे खड्यांतून दाणा काढायचा होता, एवढंच. विहीणबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि पंख्याच्या पात्यामागून एकेक दाणा सोडवायला लागल्या. रेश्मा सांगायची, "इथं हळू हां आई, इथं धातू लावू नका, इथलं मी काढते." आणि त्या ऐकायच्या.

काम असं हातात असलं की तोंड आपोआप सुटतं.

"हे काय गो?"

"हा मेंदू, आई. आणि हे मोठं कार्ड, हे पडद्यावरचं दाखवतं. ह्याच्याशिवाय माझं काम चालत नाही."

"मंजे तू खेळतस का ह्याच्यावर?"

"नाही, मी बनवते. लोक खेळतात."

विहीणबाईंनी दाणा सुपात टाकला. आणि आकडा आता जास्तच जपून फिरायला लागला. मी गप्प बसले होते. माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं किती जड जातं ते मलाच माहीत, पण मला दिसत होतं की इथे मी बोलून काही होणार नाही.

अक्षता निवडून झाल्या. रेश्माने फुंकर मारली, मऊ कुंच्याने कोपरे झाडले, काच लावली. तिथेच, माजघरात, वायरी जोडल्या. बटन दाबलं. पंखे फिरले, गुळगुळीत, आवाज नाही. माझा जीव भांड्यात पडला. रेश्माने पेनड्राइव्ह लावला आणि ते गाव उघडलं. कौलारू घरं, बांध, वळणावर एक आंबा, आणि त्याच्या सावलीत विहीर.

दारातून डोकावणारा रितेश एकदम आत आला. "वयनी! हा गेम तर मी खेळतो. मोबाइलवर. ह्या विहिरीमागं तर मी रोज लपतो!"

"ती विहीर मी बनवली," रेश्मा बोलली.

"तू?"

"आंबा पण. बांध पण."

रितेशचं तोंड उघडं ते उघडंच. त्याने आपला मोबाइल काढला, तीच विहीर त्यात दाखवली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग बाहेर ओरडला, "अरे, आपली विहीर माझ्या वयनीनं बांधलीय रे!"

विहीणबाई पडद्याकडे बघत होत्या. "एक विहीर करायला किती दिस लागतात?"

"नीट करायची तर आठवडा जातो. दगड एकेक वेगळा करावा लागतो."

"आन त्याचा तुला पगार मिळतो."

"हो, आई. सोमवारपासून सुरू करायचं आहे. नाही केलं तर जाईल."

विहीणबाई उठल्या. अक्षतांचं सूप त्यांनी देवापाशी नेऊन ठेवलं. परत आल्या त्या माजघराची खिडकी उघडून, आणि कोपऱ्यातली धान्याची कणगी स्वरूपकडून बाजूला सरकवून घेतली. "हितं ठेव. हितं उजेड येतो. ओटीवर नको, तिथं कुनी पन बसंल." रितेशकडे वळून बोलल्या, "तुझं सांजेनंतर. ते पन तिनं दिलं तर." मी तोंड फिरवून घेतलं. मला कुणी असं कधी बोललं नव्हतं.

सोमवारी सकाळी रेश्माने अंघोळ केली, देवाला हात जोडले आणि माजघरात जाऊन दार लोटून घेतलं. विहीणबाई ओटीवर वाल सोलायला बसल्या. मी त्यांच्या जोडीला. आतून कळफलकाची टकटक ऐकू येत होती.

नवी नवरी बघायला लोकांची रीघ होतीच. भागी म्हणून शेजारीण आली, बसली, इकडे तिकडे बघितलं. "नवरी कुठंय गो गिरजे? जरा भायेर बोलव, बघते तरी."

माझा हात वालात तसाच थांबला. आत हाक गेली असती, तर रेश्मा उठून आली असती. तिला यावंच लागलं असतं. आणि उद्या दुसरी भागी आली असती, परवा तिसरी. मला माहीत आहे वस्तू कशी वाटली जाते. माणूसही तसंच वाटलं जातं.

विहीणबाईंनी मान वर केली नाही. "कामावर गेलीय."

"अगो बाय! हळद उतरली नाय तवर कामाला धाडलीस? कुठं?"

"ठाण्याला," विहीणबाई बोलल्या, आणि हनुवटीने त्या लोटलेल्या दाराकडे दाखवलं.

भागीने दाराकडे बघितलं. आतली टकटक चालूच होती. तिने आवाज खाली आणला, "मंग हाक मार ना, हितंच तर हाय."

"कामावरच्या मानसाला हाक मारतात काय? तुझ्या लेकाला मारतेस, कल्यानला?" विहीणबाईंनी शेंग फोडली. "सांजेला सुटंल. तवा ये."

माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले पण नाहीत. भागीने चहा घेतला, लग्नातल्या जेवणाला नावं ठेवली आणि गेली. संध्याकाळी ती खरंच परत आली.